चिन्ह लहान, निर्णय मोठा : संगणकाच्या आज्ञावलीतील क्रियाचिन्हांची ओळख

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेस निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि वर्ध्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांपासून वेगळे होतात. रेल्वेच्या नकाशातही बुटीबोरी हे फाट्याचे स्थानक आहे. नागपूर-वर्धा मुख्य लोहमार्गापासून उमरेडकडे जाणारा फाटा येथूनच निघतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे वसविलेली औद्योगिक वसाहत राज्यातील मोठ्या वसाहतींत गणली जाते. पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या या गावाचा कारभार आता नगर परिषद पाहते.

अशा गावात आज दोन प्रकारचे संगणक अहोरात्र काम करीत असतात. एक कारखान्यातला. तो यंत्र केव्हा सुरू व्हावे, पंप केव्हा थांबावा, धोक्याची घंटा केव्हा वाजावी हे ठरवितो. दुसरा कचेरीतला. तो करआकारणीचे तक्ते करतो, लाभार्थ्यांच्या याद्या तयार करतो, अर्ज पात्र की अपात्र ते दाखवितो. दोन्ही संगणक स्वतःच्या बुद्धीने काहीही ठरवीत नाहीत. कोणीतरी मनुष्याने लिहिलेल्या ओळींप्रमाणे ते चालतात. या ओळींचा समूह म्हणजे आज्ञावली. त्या ओळींत शब्द थोडे आणि चिन्हे फार असतात. अधिक, उणे, भागिले, मोठे, लहान, समान, आणि, किंवा. या चिन्हांना संगणकशास्त्रात 'ऑपरेटर' म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यांना 'क्रियाचिन्हे' म्हणू.

अधिकारी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांना हा विषय आपला नव्हे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु शासनाचा नियम मराठीत लिहिलेला असला, तरी त्याची अंमलबजावणी आता पुष्कळ ठिकाणी आज्ञावलीतून किंवा संगणकीय तक्त्यातील सूत्रातून होते. नियमातील 'किंवा'चे चिन्ह चुकीच्या जागी पडले, तर शासन निर्णय अबाधित राहूनही एखाद्या वृद्धेचे निवृत्तिवेतन अडते. म्हणून ज्याने नियम वाचावयाचा त्याने चिन्हही वाचावयास शिकले पाहिजे. हे शिक्षण फार अवघड नाही.

क्रियाचिन्ह म्हणजे काय ?

'८ + ५' या लेखनात आठ आणि पाच ही पदे आहेत आणि '+' हे क्रियाचिन्ह आहे. क्रियाचिन्ह पदांवर ठरलेली क्रिया करते आणि एकच उत्तर परत देते. पदे व चिन्हे मिळून जी मांडणी होते तिला शाळेत आपण पदावली म्हणतो. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त आरंभीच आठ परिकर्मे सांगितली आहेत : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आधी क्रिया निश्चित करावयाच्या, मग त्यांच्या साहाय्याने व्यवहारातील प्रश्न सोडवावयाचे, ही जी शिस्त त्या ग्रंथात दिसते, तीच संगणकाच्या भाषेतही आहे.

संगणकाच्या भाषेत क्रियाचिन्हांचे मुख्य वर्ग चार. पहिला गणिती चिन्हांचा. त्यांचे उत्तर संख्या असते. दुसरा तुलनेच्या चिन्हांचा. त्यांचे उत्तर 'सत्य' किंवा 'असत्य' एवढेच असते. तिसरा तर्कचिन्हांचा, ती सत्य-असत्यांची सांगड घालतात. चौथा मूल्य ठेवण्याच्या चिन्हाचा. तुलनेचे चिन्ह म्हणजे रेल्वेच्या फाट्यावरील सांधा समजावा. गाडी वर्ध्याकडे जाईल की उमरेडकडे, हे सांधा कसा बसला आहे यावर ठरते. गाडीला स्वतःला त्याचे काही कळत नाही.

एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. चिन्हाची क्रिया पदाच्या जातीवर अवलंबून असते. संगणकाच्या दृष्टीने ५ ही संख्या आणि '५' हे अक्षर या दोन भिन्न वस्तू होत. पायथॉनसारख्या भाषेत दोन संख्यांमध्ये '+' आले तर ५ आणि ५ मिळून १० होतात. दोन अक्षरांमध्ये आले तर ती शेजारी शेजारी जोडली जाऊन '५५' होते. तुलनेतही हेच घडते. अक्षरे म्हणून पाहिल्यास '१००' हे '२०' च्या आधी येते, कारण शब्दकोशाप्रमाणे पहिले अक्षर आधी पाहिले जाते. यादीतील उत्पन्नाचा रकाना संख्येऐवजी अक्षरे म्हणून भरला गेला, की बेरजा व क्रम का बिघडतात याचे कारण हेच.

भागाकाराची तीन रूपे

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांच्याविषयी गोंधळ सहसा होत नाही. भागाकाराविषयी मात्र होतो, कारण भागाकाराची उत्तरे तीन प्रकारची असतात. १७ ला ५ ने भागले तर अपूर्णांकासह उत्तर ३.४ येते, केवळ पूर्ण भागाकार ३ येतो, आणि बाकी २ उरते. पायथॉन भाषेत या तिहींसाठी अनुक्रमे '/', '//' आणि '%' अशी तीन चिन्हे आहेत. येथे '%' चा शेकडेवारीशी संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे लागते. सी या भाषेत दोन्ही पदे पूर्णांक असतील तर '/' हेच चिन्ह अपूर्णांक टाकून देते. पायथॉनच्याही जुन्या आवृत्तीत तसेच होते. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत '/' चा अर्थ बदलला. चिन्ह तेच, भाषा किंवा आवृत्ती बदलली की अर्थ निराळा, असा हा प्रकार आहे.

पंचायतीच्या कारभारातील उदाहरण घेऊ. एखाद्या ठरावास किमान दोन-तृतीयांश सदस्यांची संमती हवी, अशी अट आहे असे समजू. सदस्य सात असतील तर ७ × २ ÷ ३ याचे उत्तर ४.६७ येते. म्हणजे पाच मते लागतील, कारण चार मते दोन-तृतीयांशापेक्षा कमी आहेत. पण अपूर्णांक टाकून देणाऱ्या चिन्हाने हेच केले तर उत्तर ४ येते, आणि जो ठराव फेटाळला गेला पाहिजे तो संमत ठरतो. आणखी निष्काळजीपणाने कोणी '२ // ३ * ७' असे लिहिले, तर दोनास तीनाने भागून पूर्ण भागाकार शून्य, आणि शून्य गुणिले सात म्हणजे शून्य. एकही मत नसले तरी ठराव संमत !

यावर कोणी म्हणेल, जवळच्या पूर्णांकात उत्तर घ्यावे. सातांच्या बाबतीत ते जमते. अकरांच्या बाबतीत जमत नाही. ११ × २ ÷ ३ म्हणजे ७.३३, जवळचा पूर्णांक ७. पण अकरांपैकी सात हे दोन-तृतीयांशापेक्षा कमीच. आठच मते हवीत. खरा उपाय म्हणजे भागाकारच टाळावयाचा आणि अट पुढीलप्रमाणे लिहावयाची :

मते * ३ >= सदस्य * २

अकरा सदस्यांत सात मते पडली तर २१ आणि २२ यांची तुलना होते, अट असत्य. आठ पडली तर २४ आणि २२; अट सत्य. अपूर्णांकाचा प्रश्नच उरत नाही. कायद्यातील शब्द आणि चिन्हातील शब्द यांचा मेळ असा बसवावा लागतो.

बाकीच्या चिन्हाचे उदाहरण बुटीबोरीसारख्या औद्योगिक गावात घरोघरी समजेल. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. समजा, एका तुकडीची पाळी दर आठवड्यास बदलावयाची आहे. आठवड्याच्या क्रमांकास तीनाने भागून बाकी पाहिली की काम झाले : बाकी ० असेल तर पहिली पाळी, १ असेल तर रात्रपाळी, २ असेल तर दुसरी. सूत्र सुटसुटीत आहे. पण वर्षाच्या बावन्नाव्या आठवड्यात बाकी १ येते. आणि नव्या वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले तर पहिल्या आठवड्यातही बाकी १ च येते. त्या तुकडीस लागोपाठ दोन आठवडे रात्रपाळी करावी लागेल. आज्ञावली चुकलेली नाही, चिन्हही चुकलेले नाही. वर्षाच्या सीमेवर काय होते हे कोणी तपासले नाही एवढेच. आठवड्यांचे क्रमांक वर्षाअखेरीस न थांबविता पुढे चालू ठेवले की हा अन्याय टळतो.

अग्रक्रम : आधी कोणती क्रिया ?

एका पदावलीत अनेक चिन्हे आली तर आधी कोणती क्रिया करावयाची ? आपल्या शाळांतून 'कंचेभागुबेव' हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जाते : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. संगणकाच्या भाषांतही असाच अग्रक्रम ठरलेला असतो. म्हणून '२ + ३ * ४' चे उत्तर १४ येते, २० येत नाही.

तथापि एक महत्त्वाचा फरक आहे. संगणकाच्या बहुतेक भाषांत गुणाकार व भागाकार यांचा दर्जा समान असतो, तसाच बेरीज व वजाबाकी यांचाही. समान दर्जाची चिन्हे डावीकडून उजवीकडे सोडविली जातात. '१० - ४ + ३' याचे उत्तर ९ आहे. जो विद्यार्थी सूत्राचा शब्दशः अर्थ घेऊन आधी बेरीज करतो, त्याला १० मधून ७ वजा होऊन ३ मिळतात. ते गणितातही चूक आणि संगणकातही चूक. तसेच '७ * ३ // २' हे डावीकडून सोडविले तर २१ चा पूर्ण भागाकार १० येतो. भागाकार आधी केला तर ७ येतात. शिक्षकांनी 'कंचेभागुबेव' शिकविताना 'भागु' ही एक जोडी व 'बेव' ही दुसरी जोडी असे सांगावे, म्हणजे पुढे संगणक शिकताना अडचण पडणार नाही.

अग्रक्रम सर्वत्र सारखाच असतो असेही नाही. उणे तीनाचा वर्ग घेताना '-३^२' असे सूत्र एक्सेलच्या तक्त्यात लिहिले तर उत्तर ९ येते, कारण तेथे उणे चिन्ह आधी लागते. पायथॉनमध्ये घाताचे चिन्ह '**' असे आहे. तेथे '-३**२' चे उत्तर उणे ९ येते, कारण वर्ग आधी होतो. सी भाषेत '^' हे घाताचे चिन्हच नव्हे. ते द्विमान अंकांवरील एक निराळी क्रिया करते. यावरून एकच व्यवहारी नियम निघतो : शंका असेल तेथे कंस घालावा. कंसाला खर्च पडत नाही. वाचणाऱ्यास मात्र लिहिणाऱ्याचा हेतू स्पष्ट दिसतो.

'समान'ची दोन चिन्हे

समानतेचे '=' हे चिन्ह वेल्सचे गणिती रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापील ग्रंथात प्रथम वापरले. गणितात त्याचा अर्थ एकच : डावी व उजवी बाजू समान आहेत. संगणकाला मात्र दोन वेगळी कामे सांगावी लागतात. एक, 'या जागी हे मूल्य ठेव'. दुसरे, 'या दोन गोष्टी समान आहेत का ते पाहा'. पहिली आज्ञा आहे, दुसरा प्रश्न आहे. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत आज्ञेसाठी '=' आणि प्रश्नासाठी '==' अशी योजना आहे. मूल्य ठेवण्याचे काम अधिक वेळा करावे लागते, म्हणून त्यास आखूड चिन्ह मिळाले. पुढील अनेक भाषांनी हीच पद्धत उचलली.

या एका रेघेचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे कारखान्यातील दाबयंत्रावरून समजेल. अशा यंत्रास पुष्कळदा दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबल्याशिवाय यंत्र खाली येत नाही. हेतू हा की कामगाराचा एकही हात साच्याखाली राहू नये. शिवाय पुढचे झाकण बंद असावे लागते. झाकण बंद असेल तर 'झाकण' या चलाचे मूल्य १, उघडे असेल तर ०, अशी योजना आहे असे समजू. 'जर झाकण == १' असे लिहिले, तर यंत्र प्रश्न विचारते. सी भाषेत चुकून 'जर झाकण = १' असे लिहिले गेले, तर यंत्र प्रश्न विचारीत नाही; झाकण बंदच आहे अशी नोंद ते स्वतः करून मोकळे होते आणि पुढे जाते. झाकण उघडे असले तरीही !

हा धोका ओळखूनच काही भाषांनी वेगळी वाट धरली. पायथॉनमध्ये प्रश्नाच्या जागी एकेरी '=' आले तर आज्ञावली चालतच नाही. कारखान्यांतील नियंत्रकांसाठी १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकात 'स्ट्रक्चर्ड टेक्स्ट' ही भाषा आहे; तीत मूल्य ठेवण्यासाठी ':=' आणि तुलनेसाठी '=' वापरतात. शिवाय जिवाशी गाठ असलेल्या यंत्रांवर केवळ आज्ञावलीवर विसंबून चालत नाही. सुरक्षेची स्वतंत्र व्यवस्था ठेवावी लागते. तरीही चिन्ह तपासण्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

सीमेवरचा मनुष्य

तुलनेची चिन्हे सहा : मोठे, लहान, मोठे किंवा समान, लहान किंवा समान, समान आणि असमान. यांत सर्वाधिक चुका 'मोठे' आणि 'मोठे किंवा समान' यांच्यात होतात. 'पासष्ट वर्षे व त्याहून अधिक' असे नियमात असेल तर 'वय >= ६५' लिहिले पाहिजे. 'वय > ६५' लिहिले आणि वय पूर्ण वर्षांत नोंदविलेले असले, तर ज्याला नुकतीच पासष्ट पूर्ण झाली तो सहासष्ट पूर्ण होईपर्यंत अपात्र राहील. दरमहा रु. १,५०० साहाय्य धरले, तर एका व्यक्तीचे एका वर्षाचे रु. १८,००० बुडतात. गेले काय, तर '=' हे एक चिन्ह. 'पर्यंत', 'पेक्षा कमी', 'किमान', 'पेक्षा अधिक' हे मराठी शब्द आपण बोलताना सैलपणे वापरतो. चिन्ह मात्र सैल असत नाही. म्हणून नियमाचा मसुदा करणाऱ्यांनीच 'सीमेवरील मूल्य आत की बाहेर' हे स्पष्ट लिहिणे हिताचे.

पैशांच्या तुलनेत आणखी एक खबरदारी हवी. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवितो, आणि ०.१ सारख्या साध्या संख्येचेही त्या पद्धतीत संपूर्ण रूप होत नाही. त्यामुळे पुष्कळ भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी समान आहे का, असे विचारल्यास 'असत्य' असे उत्तर येते. रकमा रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवता पैशांच्या पूर्णांकांत ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय होय.

आणि, किंवा, नाही

सत्य आणि असत्य यांचेही बीजगणित मांडता येते, हे इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात दाखविले. 'आणि'चे उत्तर दोन्ही बाजू सत्य असतील तरच सत्य. 'किंवा'चे उत्तर निदान एक बाजू सत्य असेल तर सत्य. 'नाही' उत्तर उलटे करते. दाबयंत्राच्या दोन बटणांमध्ये 'आणि' असते म्हणूनच कामगाराचे हात वाचतात. तेथे 'किंवा' पडले तर एक हात साच्याखाली राहू शकतो.

येथेही अग्रक्रम आहे. जवळजवळ सर्व भाषांत 'आणि' हे 'किंवा'च्या आधी सोडविले जाते. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेच्या अटींचा गाभा घ्या : वय पासष्ट किंवा अधिक असावे, आणि व्यक्तीचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपर्यंत असावे. ही मर्यादा अनेक वर्षे रु. २१,००० अशी राहिली. ही अट कंसाविना लिहिली तर अशी दिसेल :

वय >= ६५ आणि यादीत किंवा उत्पन्न <= २१०००

संगणक यात आधी 'वय आणि यादी' ही जोडी करील. मग उत्पन्न कमी असलेला तीस वर्षांचा तरुणही पात्र ठरेल, कारण 'किंवा'ची उजवी बाजू त्याच्यासाठी सत्य आहे. योग्य लेखन असे :

वय >= ६५ आणि (यादीत किंवा उत्पन्न <= २१०००)

मराठी वाक्य वाचताना आपण संदर्भावरून कंस मनातच घालतो. संगणकाला संदर्भ नसतो. त्याला कंस लिहून द्यावा लागतो.

'नाही' लावतानाही असाच घोटाळा होतो. 'यादीत नाव किंवा उत्पन्नाचा दाखला नसेल तर अर्ज नाकारावा' या वाक्याचा अर्थ, दोन्हींपैकी एकही नसेल तर नाकारावा, असा आहे. म्हणजे 'यादीत नाही आणि दाखलाही नाही'. ते 'यादीत नाही किंवा दाखला नाही' असे लिहिले गेले तर ज्याच्याजवळ दोहोंपैकी एक आहे तोही बाहेर जाईल. 'नाही' कंसात शिरताना 'किंवा'चे 'आणि' होते आणि 'आणि'चे 'किंवा' होते. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्या देशातच, मदुराई येथे झाला होता.

आता कारखान्यातील सांडपाण्याचे उदाहरण पाहू. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९.० या दरम्यान असावा लागतो. सामू त्याबाहेर गेला की घंटा वाजावी, अशी आज्ञा लिहावयाची आहे. 'सामू ५.५ पेक्षा कमी आणि ९.० पेक्षा अधिक असता कामा नये' असे वाक्य आपण सहज बोलतो. त्याप्रमाणे कोणी लिहिले :

सामू < ५.५ आणि सामू > ९.०

तर घंटा कधीच वाजणार नाही. एकच संख्या एकाच वेळी साडेपाचाहून लहान आणि नवाहून मोठी कशी असेल ? येथे 'किंवा'च हवे. या चुकीचा विशेष असा की ती दिसत नाही. घंटा शांत असते, नोंदवही स्वच्छ असते आणि सर्व ठीक आहे असा समज होतो. 'सामू मर्यादेत आहे का' असे विचारण्यासाठी कोणी शाळेच्या सवयीने '५.५ <= सामू <= ९.०' असे लिहील. पायथॉनला ते समजते. सी भाषेत मात्र डावी तुलना आधी होऊन तिचे उत्तर १ किंवा ० येते, आणि मग त्या १ किंवा ० ची नवाशी तुलना होते. दोन्ही नवाहून लहानच. म्हणून उत्तर नेहमी 'सत्य'. पाणी कसेही असो, यंत्र म्हणेल की ते मर्यादेत आहे.

'आणि'चा एक गुण उपयोगी पडतो. बहुतेक भाषांत डावी बाजू असत्य निघाली तर उजवी बाजू पाहिलीच जात नाही. म्हणून 'सदस्यसंख्या != ० आणि उत्पन्न / सदस्यसंख्या <= मर्यादा' असे लिहिले तर शून्याने भागण्याचा प्रसंग येत नाही. बाजूंची अदलाबदल केली की तो येतो. एक्सेलमधील 'अँड' हे सूत्र मात्र सर्व बाजू पाहते. तेथे 'इफ' सूत्रात 'इफ' घालून आधी शून्य तपासावे लागते.

तपासणीची साधी पद्धत

आज्ञावली लिहिणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी ती नियमाप्रमाणे वागते की नाही हे पाहणे नियम जाणणाऱ्याचे काम आहे. त्यासाठी यंत्र उघडण्याची गरज नाही. एक कागद घ्यावा. प्रत्येक मर्यादेसाठी तीन नमुने लिहावेत : मर्यादेच्या किंचित आतला, नेमका मर्यादेवरचा आणि किंचित बाहेरचा. वयासाठी ६४, ६५, ६६. उत्पन्नासाठी २०,९९९, २१,००० आणि २१,००१. जेथे 'किंवा' असेल तेथे केवळ पहिली बाजू सत्य असलेला, केवळ दुसरी सत्य असलेला, दोन्ही सत्य असलेला आणि दोन्ही असत्य असलेला, असे चार नमुने घ्यावेत. रिकामा रकाना आणि शून्य हेही नमुनेच होत. प्रत्येकाचे उत्तर नियम वाचून आधी हाताने लिहावे आणि मग संगणकाचे उत्तर शेजारी लिहावे. दोन रकान्यांत जेथे फरक दिसेल तेथे चूक आहे. संगणकाची नसेल तर आपल्या वाचनाची. हा क्रम महत्त्वाचा. यंत्राचे उत्तर आधी पाहिले की मन त्याच्या बाजूने कौल देऊ लागते.

शिक्षकांना हे वर्गात सहज करून घेता येईल. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. 'वय', 'उत्पन्न', 'मते' ही नावे यंत्र स्वीकारते. अंक व भाषेचे राखीव शब्द मात्र आंतरराष्ट्रीय रूपातच लिहावे लागतात. संगणक उपलब्ध नसला तरी अडत नाही. दोन-तृतीयांश मतांचे उदाहरण फळ्यावर सोडवून घेतले, तरी मुलांना भागाकार, तुलना आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्र धडा मिळेल. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत यादी वाचली जाताना एवढेच विचारावे : सीमेवरचे अर्ज कोणते होते आणि त्यांचे काय झाले ? ग्रामपंचायत अधिकाऱ्यास या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. आणि देता येत नसेल, तर यादी अंतिम करण्यापूर्वी ते शोधले पाहिजे.

संगणक निःपक्षपाती आहे असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धेच. तो लिहिलेले चिन्ह सर्वांना सारखे लावतो. म्हणून चुकीचे चिन्हही तो सर्वांना सारखेच लावतो. पूर्वी एका लिपिकाची नजरचूक एका अर्जापुरती असे. आता एका चिन्हाची चूक संपूर्ण यादीस लागू होते. बुटीबोरीच्या फाट्यावर सांधा नीट बसला आहे ना, हे गाडी येण्यापूर्वीच पाहावे लागते. नियम यंत्राच्या हाती सोपविण्यापूर्वी त्यातील प्रत्येक 'आणि', प्रत्येक 'किंवा' आणि प्रत्येक 'पर्यंत' तसेच पाहून घ्यावे.